इटालियन कोणाला म्हणायचे? ब्रेनर, त्रिएस्ते आणि तिचिनो

अक्षरवेल

उत्तर इटलीतील बोल्झानो शहरात तालफेर नदीच्या पुलाजवळ पांढऱ्या दगडाची एक भव्य कमान आहे. वास्तुकार मार्चेल्लो पियाचेंतिनी यांनी रचलेल्या या कमानीचे उद्घाटन १९२८ साली झाले. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की ही पितृभूमीची सीमा आहे, येथे निशाणे रोवा, आणि येथूनच आम्ही इतरांवर भाषा, कायदे व कला यांचे संस्कार केले. ज्या ‘इतरां’ना उद्देशून हे लिहिले गेले, ते जर्मन बोलणारे लोक शतकानुशतके याच खोऱ्यात राहत होते. कमान उभी राहिली तेव्हा त्यांच्या मुलांना शाळेत जर्मन शिकण्यास बंदी होती आणि घरांच्या माळ्यांवर, गोठ्यांत गुपचूप वर्ग भरत होते. दोन वर्षांपूर्वी या कमानीसमोर उभी असताना पडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

इटलीचे राज्य १८६१ मध्ये घोषित झाले, १८६६ मध्ये व्हेनेटो आणि १८७० मध्ये रोम त्याला जोडले गेले. त्रेंतो, त्रिएस्ते, इस्त्रिया आणि दाल्मेशिया हे प्रदेश मात्र ऑस्ट्रियाच्या हाबसबुर्ग साम्राज्यातच राहिले. या प्रदेशांसाठी ‘इर्रेदेंता’, म्हणजे ‘मुक्त न झालेली’ भूमी, हा शब्द रूढ झाला. तो १८७७ साली मात्तेओ रेनातो इंब्रियानी यांनी प्रथम वापरला असे मानले जाते. आपली भाषा बोलणारे बांधव परक्या सत्तेखाली आहेत आणि त्यांना सोडवले पाहिजे, अशी ही मांडणी होती. पण राज्य घोषित झाले त्या वेळी खुद्द इटलीत इटालियन बोलता येणाऱ्यांचे प्रमाण भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के होते, आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्या कास्तेल्लानी यांच्या हिशेबानेही ते दहा टक्क्यांच्या आसपासच पोहोचते. उरलेली जनता व्हेनेशियन, नापोलितान, सिसिलियन किंवा पिएमोंतेझ बोलत होती आणि पंतप्रधान कावूर यांना फ्रेंच अधिक सोयीची वाटत होती. ‘आपली भाषा’ म्हणून जिचा उल्लेख होत होता, ती बहुसंख्यांसाठी लिहिण्याची, फ्लॉरेन्सच्या वळणाची भाषा होती.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की सीमा मागताना प्रत्येक ठिकाणी वेगळा निकष पुढे केला गेला. त्रेंतोसाठी भाषेचा आधार घेतला आणि तो खरा होता, कारण त्रेंतिनोचे लोक इटालियनच बोलत. त्याच्या उत्तरेला सालोर्नोच्या अरुंद घळीपासून मात्र जर्मन भाषा सुरू होते. तेथे भाषेचा निकष बाजूला ठेवून पाणलोटाचा निकष आणला गेला: ज्या डोंगररांगेच्या अलीकडचे पाणी आद्रियातिक समुद्राला मिळते, ती इटलीची नैसर्गिक सीमा. रोव्हेरेतोचे एत्तोरे तोलोमेई यांनी १९०४ साली या रांगेतील एका शिखरावर चढून त्याला ‘वेत्ता द’इतालिया’ असे नाव दिले, १९०६ पासून ‘आल्तो आदिजे’च्या, म्हणजे बोल्झानोभोवतालच्या दक्षिण टिरोलच्या, अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक चालवले आणि १९१६ मध्ये तेथील हजारो जर्मन स्थलनामांना इटालियन पर्याय देणारी सूची प्रसिद्ध केली. १९१० च्या जनगणनेनुसार या प्रदेशात इटालियन भाषक तीन टक्क्यांच्या आसपास होते. तरीही २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख इटलीला देण्याचे ठरले आणि १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने तो मिळाला.

लंडनच्या याच करारात फ्यूमे बंदर, म्हणजे आजचे क्रोएशियातील रिएका, इटलीला दिलेले नव्हते. युद्धानंतर इटलीने पॅरिसमध्ये लंडनच्या कराराप्रमाणे ब्रेनर मागितले आणि जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाप्रमाणे फ्यूमे मागितले. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी फ्यूमेला नकार दिला, पण ब्रेनरला मान्यता दिली. त्यांच्या चौदा कलमांतील नववे कलम इटलीच्या सीमा स्पष्ट ओळखता येतील अशा राष्ट्रीयत्वाच्या रेषांवर आखाव्यात असे सांगत होते. ब्रेनरवर त्याचा सरळ भंग झाला.

माझे मत असे झाले आहे की या सर्व वादांत भाषा हे कारण म्हणून सांगितले गेले असले, तरी निकाल ठरला तो प्रश्न कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला आणि कोणत्या क्षेत्रासाठी विचारला यावर. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

तर्कदीप

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला एकांगी वाटतो. बोलणारे थोडे होते म्हणून ती भाषा केवळ कागदावरची होती असे म्हणता येत नाही. दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभीच इस्त्रियातील पोला शहराजवळच्या क्वार्नेरोच्या आखाताला इटलीच्या सीमा धुणारे पाणी म्हटले आहे आणि इटलीला ‘सी’ या होकाराचा ध्वनी जेथे ऐकू येतो तो देश म्हटले आहे. राज्य नसताना, सैन्य नसताना पाचशे वर्षे लोकांना आपण एक आहोत असे वाटत राहिले ते या साहित्यभाषेमुळेच. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले तेव्हा आपल्याकडच्या तरुणांना त्यात जे भावले, तेही हेच होते. त्या भावनेचा पुढे फॅसिस्टांनी गैरवापर केला, हे मला मान्य आहे. पण गैरवापर झाला म्हणून मूळ भावना खोटी ठरत नाही. इटलीच्या बाजूने लढणाऱ्या त्रेंतोच्या चेझारे बात्तिस्तीला १२ जुलै १९१६ रोजी ऑस्ट्रियाने फाशी दिले. तो व्हिएन्नाच्या संसदेचा निर्वाचित सदस्य होता. अशा माणसाने प्राण दिले ते जनगणनेच्या तक्त्यासाठी नव्हेत.

अक्षरवेल

बात्तिस्तीविषयी आपण म्हणता ते मी मनापासून मानते. तो भूगोलाचा अभ्यासक होता आणि युद्धापूर्वी त्याने इटलीची भाषिक सीमा सालोर्नोलाच आहे अशी भूमिका घेतली होती, ब्रेनरला नाही. ज्या कमानीपासून मी सुरुवात केली तिच्यात त्याचा अर्धपुतळा बसवण्यात आला, आणि त्याची पत्नी एर्नेस्ता बित्तांती हिने त्याच्या स्मृतीच्या या वापराला विरोध केला होता. भावना खरी होती, हे मलाही मान्य आहे. तिच्या नावाने मागितलेली रेषा तिच्या पलीकडे गेली, एवढेच मला दाखवायचे आहे.

कार्स्टची वाट

त्रिएस्ते येथील सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्रात मी काही काळ संशोधनासाठी होतो. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या केंद्रामुळे आपल्याकडचे बरेच संशोधक त्या शहरात राहून आलेले आहेत, त्यामुळे इतर कोणी येथे असतील तर त्यांनीही लिहावे. माझ्यापुरते सांगायचे तर, शहराच्या मध्यभागी असलेल्या पियाझ्झा ओबेर्दानमधून ओपीचिनाला चढत जाणाऱ्या ट्रामची जागा पाहिली, की हा सगळा विषय शंभर पावलांत समोर उभा राहतो.

चौकाला ज्याचे नाव दिले आहे तो गुल्येल्मो ओबेर्दान हा इटालियन मुक्तिवाद्यांचा हुतात्मा होय. सम्राट फ्रान्झ योसेफच्या हत्येच्या कटासाठी २० डिसेंबर १८८२ रोजी त्याला फाशी झाली. जन्मनोंदीतले त्याचे आडनाव ‘ओबेरडांक’ होते आणि त्याची आई स्लोव्हेन होती. त्याच चौकाच्या कडेला मॅक्स फाबियानी यांनी बांधलेली ‘नारोदनी दोम’ ही इमारत आहे. स्लोव्हेन लोकांचे हे सांस्कृतिक केंद्र होते. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्ट जमावाने ते जाळले. सहा वर्षांचा एक मुलगा ती आग पाहत होता. तो पुढे बोरिस पाहोर या नावाने स्लोव्हेन भाषेतला मोठा लेखक झाला आणि २०२२ साली, वयाच्या १०८ व्या वर्षी वारला. बरोबर शंभर वर्षांनी, १३ जुलै २०२० रोजी, इटली आणि स्लोव्हेनिया यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ती वास्तू स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार झाला. विद्यापीठाचा भाषांतरकार आणि दुभाषे घडवणारा विभाग बरीच वर्षे याच इमारतीत होता. तेथून ट्रामने वर गेले की ओपीचिनाच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात, गावाचे दुसरे नाव ‘ओप्चिने’. खाली समुद्राकाठी इटालियन शहर आणि वर कार्स्ट या चुनखडीच्या पठारावर स्लोव्हेन खेडी, आणि दोन्हींत अंतर ट्रामच्या अर्ध्या तासाचे.

अक्षरवेल

आपण त्रिएस्तेचा विषय काढलात त्याबद्दल आभार, कारण मोजणीच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेथेच सापडते. हाबसबुर्ग साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागातील जनगणनेत मातृभाषा विचारली जात नसे. विचारली जाई ती ‘उमगांग्सश्प्राखे’, म्हणजे रोजच्या व्यवहाराची भाषा. त्रिएस्तेमध्ये इटालियन कुटुंबात घरकाम करणारी स्लोव्हेन मुलगी, किंवा बंदरावर इटालियन मुकादमाच्या हाताखाली राबणारा कार्स्टचा मजूर, यांची व्यवहाराची भाषा कोणती लिहायची? नोंदी करणारे नगरपालिकेचे कर्मचारी होते आणि नगरपालिका इटालियन पक्षाच्या ताब्यात होती. १९१० च्या पहिल्या मोजणीत स्लोव्हेन भाषक ३६-३७ हजारांच्या घरात निघाले. तक्रारी झाल्यावर सरकारने फेरतपासणी केली तेव्हा हाच आकडा ५७ हजारांजवळ गेला. शहर तेच होते आणि माणसेही तीच होती. आपल्याकडच्या जनगणनेत मातृभाषा विचारतात आणि त्याशिवाय अवगत असलेल्या दोन भाषाही नोंदवतात. हा फरक मला पूर्वी किरकोळ वाटत असे, आता वाटत नाही.

यानंतर आलेल्या फॅसिस्ट राजवटीने विचारण्याची गरजच संपवली. १९२३ च्या शिक्षणसुधारणेने स्लोव्हेन, क्रोएशियन आणि जर्मन शाळा टप्प्याटप्प्याने बंद केल्या आणि १९२७ पासून त्रिएस्तेच्या परिसरात आडनावांचे इटालियनीकरण लागू झाले. ‘पाणी पिणारा’ अशा अर्थाच्या ‘वोदोपिवेच’ या स्लोव्हेन आडनावाचे ‘बेविलाक्वा’ झाले, जे त्याचे शब्दशः भाषांतर आहे. आपले आडनाव सरकारने भाषांतर करून परत द्यावे, ही कल्पना वाचतानाही मन अस्वस्थ होते.

दूरदेशी

येथवरची चर्चा वाचून एक बाजू राहून जाते आहे असे वाटले. १९४५ नंतर याच प्रदेशातील इटालियन भाषकांवर जे ओढवले त्याचा उल्लेख व्हायलाच हवा. युगोस्लाव्ह सैन्य आले तेव्हा अनेकांना ठार करून कार्स्टच्या खोल नैसर्गिक विवरांत टाकण्यात आले. त्या विवरांना ‘फोइबे’ म्हणतात. १० फेब्रुवारी १९४७ च्या शांतता करारान्वये इस्त्रिया, फ्यूमे आणि झारा युगोस्लाव्हियाला गेले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे अडीच ते साडेतीन लाख लोक घरे सोडून निघाले. पोला शहराची वस्ती तीस हजारांच्या थोडी वर होती. त्यातले सुमारे २८ हजार लोक १९४७ च्या हिवाळ्यात ‘तोस्काना’ या जहाजाच्या खेपांनी निघून गेले. दान्तेने इटलीची कड म्हणून ज्या शहराचे नाव घेतले होते, ते असे काही आठवड्यांत रिकामे झाले. जाणाऱ्यांत केवळ फॅसिस्ट होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांत कोळी होते, कारागीर होते, शिक्षक होते, आणि घरी इस्त्रियाची व्हेनेशियन बोली बोलणारी, परंतु क्रोएशियन आडनावाची माणसेही होती. इटलीने २००४ साली कायदा करून १० फेब्रुवारी हा स्मृतिदिन ठरवला. दक्षिण टिरोलच्या जर्मन मुलांविषयी जितक्या आस्थेने लिहिले, तितक्याच आस्थेने या लोकांविषयीही लिहायला हवे.

अक्षरवेल

आपली सूचना योग्य आहे आणि मूळ लेखात ही बाजू यायला हवी होती, हे मी मान्य करते. आपण क्रोएशियन आडनावाच्या, व्हेनेशियन बोलणाऱ्या माणसांचा उल्लेख केलात, तो फार मोलाचा आहे. इटलीत राहायचे की युगोस्लाव्हियात याची निवड करण्याचा अधिकार करारानुसार इटालियन ही ‘नेहमीची भाषा’ असलेल्यांनाच होता. म्हणजे येथेही तोच प्रश्न, आणि उत्तर तपासणारे आता दुसऱ्या बाजूचे.

लुगानोकर

मी कामानिमित्त गेली अकरा वर्षे स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात राहतो. धाग्याच्या शीर्षकात तिचिनोचे नाव आहे, पण लेखात काहीच नाही, म्हणून लिहितो.

येथील भाषा इटालियन आहे, घरी लोंबार्ड वळणाची बोली आहे, मिलान तासा-दीड तासावर आहे. तरीही येथे इटलीत सामील होण्याची मागणी कधी मूळ धरू शकली नाही. फॅसिस्टांच्या काळात तशी प्रचारपत्रे निघाली, परंतु लोक त्यांच्या मागे गेले नाहीत. कारणे शोधायची तर मागे जावे लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून हा मुलूख जर्मनभाषक स्विस प्रांतांच्या अमलाखाली होता, म्हणजे तक्रारीला पुरेशी जागा होती. पण १७९८ मध्ये लुगानोच्या लोकांपुढे नेपोलियनने उभ्या केलेल्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकात जाण्याचा पर्याय आला, तेव्हा त्यांनी ‘लिबेरी ए स्विझ्झेरी’, म्हणजे ‘स्वतंत्र आणि स्विस’, अशी घोषणा दिली. १८०३ मध्ये तिचिनो बरोबरीचा प्रांत झाला आणि १८४८ च्या राज्यघटनेने इटालियनला जर्मन व फ्रेंच यांच्या जोडीने राष्ट्रभाषा मानले. स्वित्झर्लंडमध्ये इटालियन भाषक आठ टक्क्यांच्या आसपास आहेत. संसदेत किंवा बर्नच्या कार्यालयांत आपली भाषा मागे पडते ही तक्रार येथे रोज ऐकू येते, पण ती तक्रार स्विस म्हणून केली जाते.

आणखी एक गोष्ट मला येथे राहूनच उमगली. इटलीतून रोज सत्तर हजारांहून अधिक लोक कामासाठी सीमा ओलांडून येतात. त्यांना ‘फ्रोंतालिएरी’ म्हणतात. भाषा तीच, पेहराव तोच, जेवणही तेच, आणि तरीही पगार, घरभाडे आणि रस्त्यावरची गर्दी यांवरून त्यांच्याविषयी येथे मोठी कटुता आहे. २०१४ साली परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालण्याच्या प्रस्तावाला तिचिनोत ६८ टक्के मते मिळाली. संपूर्ण देशात हेच प्रमाण जेमतेम पन्नास टक्क्यांच्या वर होते. भाषा एक असल्याने येथे सीमा पुसट झाली नाही, उलट ती अधिक जपली गेली. तर्कदीप यांनी साहित्यभाषेच्या एकतेविषयी जे लिहिले त्याचा मी आदर करतो, पण दान्ते येथील शाळांतही शिकवला जातो.

सीमाकाठ

बेळगावजवळच्या एका खेड्यात वाढलेल्या माणसाला हा धागा वाचताना काय वाटले असेल ते सर्वजण समजू शकतील. राज्यांच्या सीमा ठरवण्यासाठीच्या पाटसकर सूत्रात खेडे हा घटक धरावा असे म्हटले आहे, आणि आमची मागणी तीच आहे. त्रिएस्तेच्या बाजूला शहर आणि भोवतालची खेडी यांचा प्रश्न कसा सोडवला गेला, हे सविस्तर लिहाल का?

अक्षरवेल

सोडवला गेला असे म्हणता येईल का, याविषयी मी साशंक आहे, पण घटकाचा वाद तेथे अगदी याच शब्दांत झाला. इटलीचे म्हणणे होते की खेड्यांनी शहरामागे जावे, कारण शहरे किनाऱ्यावर आहेत आणि ती इटालियन आहेत. युगोस्लाव्हियाचे म्हणणे होते की शहर हे मुलखाच्या पोटावर जगते, म्हणून शहराने खेड्यांमागे जावे. १९४६ मध्ये चार विजेत्या राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी प्रदेशाची पाहणी केली आणि चौघांनी चार रेषा आखल्या. स्वीकारली गेली ती फ्रेंच रेषा. तिचे तत्त्व असे होते, की दोन्ही बाजूंना राहणाऱ्या परक्या भाषकांची संख्या साधारण सारखी असावी. कोणालाही पूर्ण न्याय न देणारे हे तत्त्व मला त्या काळच्या थकव्याचे द्योतक वाटते. त्रिएस्तेचा तरीही निर्णय झाला नाही. ‘मुक्त प्रदेश’ म्हणून त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग झाले, ५ ऑक्टोबर १९५४ च्या लंडन समझोत्याने ‘अ’ इटलीकडे आणि ‘ब’ युगोस्लाव्हियाकडे गेला, आणि कायम सीमा म्हणून त्यावर सही झाली ती १० नोव्हेंबर १९७५ रोजी, ओसिमो येथे. गोरिझ्झिया शहराच्या रेल्वे स्थानकासमोरूनच रेषा गेली. स्थानक युगोस्लाव्हियात आणि शहर इटलीत अशी स्थिती झाली, आणि पलीकडे ‘नोव्हा गोरिका’ हे नवे शहर वसवावे लागले. चौकातले कुंपण २००४ मध्ये निघाले आणि २०२५ साली ही दोन्ही शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

मूळ प्रदेशाकडे, म्हणजे दक्षिण टिरोलकडे परत येते. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी तेथील लोकांना जर्मनीत जाणे किंवा इटलीत राहून जर्मनपणा सोडणे, यांतून निवड करायला लावली. ८५ टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे ७५ हजार प्रत्यक्षात गेले. घराघरांत फूट पडली. राहणाऱ्यांना जाणाऱ्यांनी देशद्रोही म्हटले. युद्धानंतर ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये इटलीचे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रूबर यांनी स्वायत्ततेच्या करारावर सह्या केल्या. दे गास्पेरी त्रेंतिनोचे होते आणि १९११ ते १९१८ या काळात व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले होते, म्हणजे अल्पसंख्याक असणे काय असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तरीही १९४८ मध्ये स्वायत्तता दिली ती त्रेंतिनोला जोडून, जेणेकरून एकत्रित प्रदेशात बहुमत इटालियनांचे राहिले. येथेही घटकच निर्णायक ठरला. त्यावर १९५७ मध्ये सिल्व्हिउस माग्नागो यांच्या नेतृत्वाखाली मोठी सभा झाली, प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला, जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे उडवले गेले, आणि १९७२ मध्ये खऱ्या अर्थाने स्वायत्तता आली. जर्मनभाषकांचे हे नेते माग्नागो इटालियनभाषक न्यायाधीशाचे पुत्र होते.

तर्कदीप

आपला मुद्दा आता मला अधिक पटू लागला आहे. मात्र १९७२ नंतरची व्यवस्था यशस्वी मानली जाते आणि तीही मोजणीवरच उभी आहे, नाही का?

अक्षरवेल

होय, आणि म्हणूनच मी तिच्याकडे आदराने पण बेचैनीने पाहते. सरकारी नोकऱ्या, घरे आणि अनुदाने तेथे भाषकगटांच्या प्रमाणात वाटली जातात. २०११ च्या मोजणीत जर्मन ६९.४, इटालियन २६ आणि लादिन (तेथील तिसरी, छोटी स्थानिक भाषा) ४.५ टक्के होते. त्यासाठी नागरिकाला आपण या तीनपैकी कोणत्या गटाचे आहोत हे लेखी जाहीर करावे लागते. या व्यवस्थेने शांतता आणली, जर्मन आणि लादिन भाषा वाचवल्या, आणि हे यश मोठे आहे. पण ज्याची आई इटालियन आणि वडील जर्मन बोलतात त्यानेही एक रकाना निवडायचा असतो. ‘अन्य’ असे लिहिता येते, तरी हक्कांसाठी तीनपैकी एका गटाला जोडून घ्यावेच लागते.

श्टेरत्सिंग गावात, म्हणजे तोलोमेईंच्या यादीतल्या विपितेनोत, १९४६ साली जन्मलेले आलेक्झांडर लांगर जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषांत लिहीत असत. ते युरोपीय संसदेचे सदस्य होते. भाषकगट जाहीर करण्याच्या सक्तीला त्यांनी १९८१ च्या जनगणनेपासून विरोध केला आणि १९३९ च्या निवडीची आठवण करून दिली. त्यांनी स्वतः ते पत्रक कधी भरले नाही. १९९५ च्या वसंतात ते बोल्झानोच्या महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा भाषकगटाचे घोषणापत्र नसल्याच्या कारणावरून त्यांची उमेदवारी अवैध ठरवण्यात आली.